पिवडी आणि काजळीतून निघणारा हिरवा: युद्धकाळातल्या जीपचा मूळ कारखानी रंग कसा जुळवायचा

रंगाच्या दुकानात ‘मिलिटरी ग्रीन’ मागितला, की कुठला ना कुठला हिरवा डबा हातात पडतोच. माझ्या पहिल्या जीपसाठी मीही तोच आणला होता. काम स्वच्छ झालं, बघणाऱ्यांनी कौतुकही केलं. पण युद्धकाळातले फोटो आणि गाडीच्या पोटातला जुना रंग बघत गेलो, तसं ते काम मला सलायला लागलं. माझ्या गाडीच्या रंगात पालकाच्या पानाचा हिरवेपणा होता. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी ‘ऑलिव्ह ड्रॅब’मध्ये तो नव्हता, कारण त्या रंगात हिरवं रंगद्रव्य जवळजवळ नव्हतंच. त्या रंगाचा पाया म्हणजे गेरूची पिवळी बहीण पिवडी आणि तिच्यात काळा. पिवळ्यात काळा घातला की डोळ्यांना ऑलिव्ह दिसतो. घरी वॉटरकलरच्या दोन वड्या घेऊन करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

ही एक गोष्ट पक्की धरली तर पुढच्या बहुतेक चुका टळतात. हा लेख विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपना धरून लिहिला आहे. आपल्याकडे युद्धकाळातल्या गाड्यांपैकी याच सर्वांत जास्त सापडतात, आणि मी हात घातलाय तोही यांच्यातच. पद्धत मात्र ट्रक, ट्रेलर, कॅरिअर, कशालाही लागू पडते.

रंगाआधी आरटीओ

हे आधी सांगतो, कारण गाडी रंगवून झाल्यावर कळलं तर फार दुखतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणतंही वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवता येत नाही. गाडी ऐंशी वर्षांपूर्वी कारखान्यातून त्याच रंगात निघाली होती, हे खरं असलं तरी रस्त्यावरचा हवालदार नियमच बघणार. २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी विंटेज नोंदणी आली. पण त्या नोंदणीमुळे नियम १२१ मधून सूट मिळते, असं धरून चालू नका. आपल्या आरटीओकडे लेखी अर्ज करा. सोबत गाडीची कागदपत्रं, डेटा प्लेटचे (डॅशवरच्या माहितीच्या धातूच्या पट्ट्यांचे) फोटो आणि रंगाचा नमुना जोडा. उत्तर लेखी मिळेपर्यंत रंगाचा डबा उघडू नका. आरसीवर नोंदलेला रंग बदलायचा असेल तर ती नोंदही करून घ्यावी लागते. गाडी फक्त खाजगी आवारात किंवा प्रदर्शनात ट्रेलरवरून न्यायची असेल, तरी आधी विचारून ठेवलेलं बरं.

गाडी नेमकी कोणती आणि कधीची

युद्धात विलिस आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. विलिसचा कारखाना ओहायोमधल्या टोलेडोला होता. फोर्डची जुळणी डिअरबॉर्न, लुइव्हिल, डॅलस, एजवॉटर, चेस्टर आणि रिचमंड अशा सहा ठिकाणी चालायची. इतक्या कारखान्यांना इतक्या पुरवठादारांचा रंग येणार, मग तो तंतोतंत एक कसा असेल? म्हणून ‘जीपचा खरा रंग कोणता’ या प्रश्नापेक्षा ‘माझ्या जीपचा खरा रंग कोणता’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. त्याचं उत्तर तुमच्याच गाडीत कुठेतरी दडलेलं असतं.

पण गाडी खरोखर युद्धकाळातली आहे का, आणि तिचा कुठला भाग युद्धकाळातला आहे? आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा. युद्ध संपल्यावर सैन्याच्या हजारो गाड्या लिलावात निघाल्या आणि शेतात, चहाच्या मळ्यात, जंगलखात्यात, गॅरेजमध्ये पोचल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि मग सुटे भाग सहज मिळायला लागले. परिणाम असा, की चासी १९४३ ची, बॉनेट १९६० च्या दशकातलं आणि मागचा टब (बॉडीचा पत्र्याचा खोका) एखाद्या मिस्त्रीने ठोकून बनवलेला, अशा गाड्या सर्रास दिसतात. नव्या पत्र्यावर जुना रंग शोधण्यात महिना घालवू नये म्हणून आधी ओळख पटवून घ्या.

पुढच्या बंपरमागे चासीची आडवी नळी गोल असेल तर ती विलिस. उलट्या यू आकाराची, चौकोनी असेल तर ती फोर्ड. फोर्डचा चासी क्रमांक इंजिनाच्या माउंटजवळ, चासीच्या डाव्या लांब पट्टीच्या वरच्या अंगावर ठोकलेला असतो. विलिसचा क्रमांक डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला, पुढे, रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो. फोर्डच्या बोल्टच्या डोक्यांवर आणि बऱ्याच सुट्या भागांवर ‘एफ’ अक्षर दिसतं. प्रवाशासमोरच्या डॅशवर किंवा ग्लव्हबॉक्सच्या झाकणावर तीन डेटा प्लेट असतात, त्यातल्या एकीवर डिलिव्हरीची तारीख असते. मात्र या प्लेट आता नव्या बनवूनही विकल्या जातात, त्यामुळे फक्त त्यांच्यावर विसंबू नका. १९४४ च्या सुरुवातीपासून दोन्ही कंपन्यांना एकाच धर्तीची बॉडी मिळायला लागली. त्यामुळे उशिराच्या गाड्यांत बॉडीवरून कंपनी ओळखायची घाई करू नका.

इंजिनाचा रंग वेगळा धरा. फोर्डचं इंजिन करड्या रंगात यायचं, विलिसचं ऑलिव्हमध्ये. पुष्कळ गाड्यांत युद्धानंतर इंजिनांची अदलाबदल झाली आहे. फोर्डच्या गाडीत हिरवं इंजिन दिसलं तर रंगाची चर्चा करण्याआधी इंजिनाचा क्रमांक बघा.

नावं आणि क्रमांक यांचा गोंधळ

अमेरिकी सैन्याचा युद्धकाळातला वाहनांचा मूळ रंग म्हणजे ‘ऑलिव्ह ड्रॅब क्रमांक ९’, मॅट. आज डब्यांवर जे पाच आकडी ‘एफएस’ क्रमांक छापलेले असतात, ते फेडरल स्टँडर्ड ५९५ चे. ते आलं १९५६ मध्ये. म्हणजे युद्धातली एकही जीप त्या क्रमांकाने रंगवलेली नाही. तरी त्या क्रमांकांतून एक सुंदर गोष्ट शिकायला मिळते. पहिला आकडा चमक सांगतो: १ चकचकीत, २ अर्धचमक, ३ मॅट. दुसरा आकडा रंगाचं घराणं सांगतो: ३ म्हणजे पिवळं, ४ म्हणजे हिरवं. युद्धकाळातल्या ऑलिव्ह ड्रॅबच्या सर्वांत जवळचा मानला जाणारा क्रमांक आहे ३३०७०. दुसरा आकडा ३. मानक बनवणाऱ्यांनी तो पिवळ्यांच्या घरात बसवला आहे! बाजारात ‘आर्मी ऑलिव्ह’ म्हणून ३४०८७ क्रमांकाचे डबे मिळतात. तो हिरव्यांच्या घरातला आणि युद्धानंतरचा. या दोघांतलं अंतर लक्षात आलं, की दुकानातल्या डब्याने रंगवलेल्या जीप खटकतात का, ते कळतं.

क्रमांक हा पत्ता म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको. एकच क्रमांक छापलेले दोन कंपन्यांचे डबे मी शेजारी शेजारी लावून पाहिले आहेत. एक तपकिरीकडे झुकलेला होता, दुसरा करड्याकडे.

गाडी ब्रिटिश किंवा कॅनडियन घाटणीची असेल तर हिशेब बदलतो. १९३९ ते १९४१ च्या सुमारास ब्रिटिश वाहनांवर ‘खाकी ग्रीन ३’ असायचा. मग हिरवं रंगद्रव्य दुर्मीळ झालं आणि ‘एससीसी २’ हा तपकिरी आला. एप्रिल १९४४ मध्ये ‘एससीसी १५’ हा त्यांचा ऑलिव्ह ड्रॅब ठरवला गेला, जेणेकरून अमेरिकेहून आलेल्या गाड्या पुन्हा रंगवाव्या लागू नयेत. लेंड-लीजमधून (मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री पुरवण्याच्या अमेरिकी योजनेतून) ब्रिटिश आणि भारतीय तुकड्यांना मिळालेल्या जीपवर अमेरिकी रंगावर दुसरा थर चढलेला सापडू शकतो. तो दिसला तर ‘कारखाना की तुकडी’ हे ठरवावं लागेल. जर्मन गाड्यांचं उदाहरण इथे बोलकं आहे. १८ फेब्रुवारी १९४३ च्या आदेशाने त्यांचा मूळ रंग गडद करड्यावरून गडद पिवळ्यावर गेला. त्यावर मारायचे कॅमोफ्लाजचे रंग तुकड्यांना घट्ट लगद्यासारखे मिळायचे, आणि सैनिक ते हाताशी असेल त्यात, पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये, पातळ करायचे. एकाच डब्यातून दहा छटा निघायच्या. म्हणून रणांगणावरचा फोटो बघून कारखान्याचा रंग ठरवता येत नाही.

फोटोंबद्दल एवढंच: रंगीत फोटोत फिल्मची झाक, छपाईची झाक आणि तुमच्या पडद्याची झाक एकावर एक चढलेली असते. खुणा आणि अक्षरांची जागा ठरवायला फोटो वापरा, छटा ठरवायला नको. उघड्यावर उभी असलेली प्रदर्शनातली वाहनंही वेळोवेळी रंगवावी लागतात. त्यांच्याकडून आकार शिकावा, रंग नको.

मूळ थर कुठे सापडतो

ऊन, पाऊस आणि रंगाऱ्याचा हात जिथे पोचला नाही, तिथे शोधा. माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाच्या जागा या:

- डेटा प्लेटच्या मागचा पत्रा
- ड्रायव्हरच्या सीटखालच्या पेट्रोल टाकीची बैठक
- मागच्या चाकांवरच्या टूलबॉक्सची आतली बाजू आणि झाकणाची खालची बाजू
- विंडशील्डच्या बिजागऱ्यांखाली
- हेडलाइटच्या रबरी गॅस्केटखाली
- सीटच्या नळ्यांवर, जिथे कॅनव्हास बांधलेलं असतं
- ग्रॅब हँडल आणि ब्रॅकेट यांच्या पायाखाली

टाकीच्या बैठकीत पेट्रोल सांडून रंग मऊ झालेला किंवा डागाळलेला असू शकतो, तेव्हा तिथला नमुना एकट्याने प्रमाण मानू नका. निदान तीन वेगवेगळ्या जागी एकच थर, एकाच क्रमाने सापडला पाहिजे.

इथे एक कळकळीची विनंती. गाडी सँडब्लास्टिंगला देण्याआधी हा शोध पूर्ण करा. माझ्या एका ट्रेलरचा टब मी ‘नुसतं साफ करून ठेवा’ असं सांगून एका वर्कशॉपमध्ये सोडला होता. दोन दिवसांनी गेलो तर पांढरा स्वच्छ पत्रा आणि वर ताजा रेड ऑक्साइड. ऐंशी वर्षांचा पुरावा वाळूत गेला. आजवर त्या ट्रेलरचा रंग मला अंदाजानेच ठरवावा लागला आहे. तेव्हापासून सुटे भाग बाहेर पाठवण्याआधी मी प्रत्येकावर चिकटपट्टीने ‘रंग तपासला’ किंवा ‘हात लावू नये’ असं लिहून पाठवतो.

खिडकी घासणे

हे या कामातलं सर्वांत आनंदाचं काम, आणि सावकाशीचंही.

आधी सुरक्षितता. मधल्या थरांत, विशेषतः जुन्या पिवळ्या-लाल रंगांत, शिसं आणि क्रोमेट असू शकतं. कोरडं घासू नका, हीट गनने सोलू नका. पाणी लावून घासा, चांगला पार्टिक्युलेट मास्क आणि हातमोजे घाला, चिखल कागदात पुसून पिशवीत बंद करा, आणि लहान मुलांना त्या दिवशी गॅरेजमध्ये येऊ देऊ नका.

रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडा. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने, बोटाच्या टोकाने, गोल गोल, मध्ये जास्त दाब आणि कडेला कमी, असं पत्रा दिसेपर्यंत घासा. मग ८००, मग १५००, शेवटी २०००. सगळे थर कांद्याच्या चकतीसारखे एकात एक वर्तुळं होऊन उघडतात. माझ्या जीपीडब्ल्यूच्या प्लेटमागे निघालेला क्रम मी वहीत उतरवून ठेवला आहे. मध्ये चमकता पत्रा, भोवती तांबूस प्रायमरचं बारीक कडं, मग जाडसर ऑलिव्ह. त्या ऑलिव्हवर धुळीची एक काळपट रेघ होती. मग दुसरा, जरा हिरवा थर, मग पांढरट करडा, मग निळा आणि सगळ्यांत वर मेटॅलिक. निळा बहुधा कुण्या मालकाच्या हौसेचा असावा. ती धुळीची रेघ फार मोलाची. दोन थरांमध्ये घाण असेल तर मधे काळ गेला आहे, म्हणजे खालचा थर कारखान्याचा असण्याची शक्यता वाढते. रेघ नसेल तर दोन्ही थर एकामागोमाग मारलेले असू शकतात.

१० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळजींकडे असतं तसलं चालेल. भिंगाखाली जुन्या ऑलिव्हमध्ये काळे आणि पिवळसर कण वेगवेगळे दिसले, तर तुम्ही योग्य थरावर आहात. नव्या मशीन-मिक्स रंगात कण इतके बारीक असतात, की सगळं एकजीव दिसतं.

बघणे आणि मोजणे

जुना मॅट रंग हवेने वरून पिठूळ होतो. तेलाचा अंश मरतो आणि नुसती भुकटी उरते, ती प्रकाश विखुरते, म्हणून रंग फिका दिसतो. म्हणून घासलेल्या खिडकीवर पाण्याचा थेंब किंवा पारदर्शक खनिज तेलाचा पातळ हात द्या. रंग एकदम खोल जातो. तो ओला रंग मूळच्या ताज्या रंगाच्या जास्त जवळचा, पण जरा जास्तच गडद. खरा रंग कोरड्या आणि ओल्याच्या मधे, ओल्याकडे झुकलेला, असं मी धरतो.

बघण्याची वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन, उघड्या आकाशाखाली पण थेट उन्हात नाही. लाल-पिवळा शर्ट घालू नका, पत्र्यावर त्याची झाक पडते. नमुना आणि खिडकी कडेला कड लावून ठेवा, मधे पांढरी फट राहू देऊ नका. राखाडी कार्डाला दोन भोकं पाडून त्यातून बघितलं तर शेजारचे रंग डोळ्यांना फसवत नाहीत. आणखी एक: लाल-हिरव्यातला फरक न कळणं हे पुरुषांमध्ये बरंच आढळतं आणि पुष्कळांना स्वतःला ते ठाऊक नसतं. ऑलिव्ह हा नेमका तोच धोक्याचा पट्टा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे इशिहारा चाचणी करून घ्या, किंवा दुसऱ्या चार डोळ्यांना, शक्यतो घरातल्या बायकांना, वेगवेगळं विचारा.

मोठ्या रंगदुकानांत स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारं यंत्र, असतो. त्याचं छिद्र सहसा काही मिलिमीटरचं असतं, म्हणून मोजण्यापुरती खिडकी मोठी करून तिच्यातला ऑलिव्हचा पट्टा निदान दीड सेंटिमीटर रुंद उघडा, नाहीतर प्रायमरही मोजला जाईल. ग्लव्हबॉक्सचं किंवा टूलबॉक्सचं झाकण सुटं काढून दुकानात न्या. ‘एल, ए, बी’ असे तीन आकडे लिहून मागा. एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरवा-लाल, बी म्हणजे निळा-पिवळा. निदान पाच वेळा, जागा किंचित बदलत मोजा आणि सरासरी घ्या. दोन रंगांतल्या फरकाला डेल्टा ई म्हणतात. साधारण १ च्या आसपास फरक डोळ्यांना जेमतेम कळतो. जुन्या रंगावर २ च्या आत आलात तरी माझ्या मते उत्तम काम झालं.

मिसळणे: इथेच खरी गंमत

दुकानातलं यंत्र तुम्हाला आकडे जुळवून देईल, पण कशातून? त्याच्याकडे थॅलो हिरवा (भडक कृत्रिम हिरवा), तेज पिवळा, लाल, काळा, पांढरा अशी रंगद्रव्यं असतात. तो हिरव्यात लाल घालून ऑलिव्ह काढेल. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो बरोबर दिसेल, उन्हात हिरवा होईल आणि पिवळ्या बल्बखाली तपकिरी. दोन रंग एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्यात वेगळे पडतात, ते रंगद्रव्यं वेगळी असल्यामुळे. म्हणून दुकानदाराला स्पष्ट सांगा: यलो ऑक्साइड आणि काळा, एवढ्याच स्टेनरमधून (रंग चढवायच्या घट्ट अर्कातून) काढा, लागला तर रेड ऑक्साइड, हिरवा नको, पांढरा नको. पांढऱ्याने रंग दुधाळ होतो आणि तो दुधाळपणा मॅटमध्ये जास्त उठून दिसतो.

मी स्वतः घरी मिसळतो. लागतं ते थोडकं: अल्किड (साध्या ऑइल पेंटच्या जातीच्या) मॅट एनॅमलचा बिनरंगी किंवा यलो ऑक्साइडमधला बेस, काळा स्टेनर, रेड ऑक्साइड स्टेनर, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा, काचेचा तुकडा आणि लहान पट्ट्यांत कापलेला प्रायमर मारलेला पत्रा.

१०० ग्रॅम पिवळा घ्या. काळा फार जोरकस असतो, पहिल्या फेरीला ५ ग्रॅमच घाला. पूर्ण ढवळा, डब्याची कड आणि तळ खरवडून पुन्हा ढवळा. रंग मोहरीच्या कढीसारखा दिसायला लागेल आणि तुम्हाला वाटेल चुकलं. थांबू नका. आणखी १ ग्रॅम, पट्टी ओढा, वहीत नोंद करा. आणखी १ ग्रॅम, पुन्हा पट्टी. एका टप्प्यावर पिवळा एकदम वळतो आणि डोळ्यांसमोर ऑलिव्ह उभा राहतो. हिरव्याचा थेंबही न घालता. मी हे किती तरी वेळा केलं आहे आणि दर वेळी त्या वळणावर हात थबकतो.

तिथून पुढे अर्ध्या अर्ध्या ग्रॅमने जा. आजचा कारखान्यात बनलेला यलो ऑक्साइड नैसर्गिक पिवडीपेक्षा स्वच्छ असतो, त्यामुळे मिश्रण किंचित जास्त हिरवं पडतं. रेड ऑक्साइडचे थेंबभर प्रमाण घातलं की ते मातीकडे वळतं. काळाही एकसारखा नसतो. काजळीचा काळा निळसर झाक देतो, हाडांच्या कोळशाचा काळा तपकिरी. दोन्हीतून निघणारे ऑलिव्ह शेजारी ठेवले तर सहज ओळखू येतात. म्हणून काळा एकदा निवडला की अख्ख्या गाडीला तोच, एकाच बॅचचा वापरा.

पट्टी ओली असताना निकाल देऊ नका. मॅट रंग वाळताना उजळतो. निदान ४८ तास जाऊ द्या. मग उन्हात, सावलीत, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखाली अशा चार जागी खिडकीशेजारी धरून बघा. चारही ठिकाणी जुळली तर जुळली. एकाच ठिकाणी बिघडली तर रंगद्रव्य चुकलंय, प्रमाण नव्हे. तेव्हा थेंब वाढवत बसू नका, स्टेनर बदला.

छोट्या पट्टीवर पसंत पडलेला रंग मोठ्या पत्र्यावर जरा उजळ दिसतो. म्हणून शेवटचा निर्णय निदान दोन फूट बाय दोन फूट पत्र्यावर घ्या, आणि तो एकदा उभा, एकदा बॉनेटसारखा आडवा ठेवून. या टप्प्यावर बरेच जण घाबरून पांढरा घालतात, कारण आपल्या डोळ्यांत उन्हाने विटलेल्या गाड्या बसलेल्या असतात. नवी जीप कारखान्यातून गडद आणि मातकटच निघत होती. मी तिला तशीच ठेवतो. विटवायचं काम ऊन करेल.

चमक

युद्धकाळातला हा रंग ‘लस्टरलेस’ म्हणजे बिनचमकी होता. पण खडूसारखा मेलेला नव्हता. बोट फिरवलं तर ताज्या रंगावर अगदी मंद तेज यायचं. अर्धचमक रंग हा युद्धानंतरच्या काळातला. चमक बदलली की डोळ्यांना छटाही बदललेली वाटते: तोच रंग मॅटमध्ये फिका आणि चमकीत गडद दिसतो. म्हणून चमक आधी पक्की करा, मगच छटेची शेवटची दुरुस्ती. मॅटिंग पावडर डब्याच्या तळाला बसते. फवारणी चालू असताना दर पंधरा मिनिटांनी ढवळलं नाही तर बॉनेट आणि मडगार्ड वेगळे दिसतील.

मारणे

साधनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: अल्किड सिंथेटिक मॅट. तो मूळ रंगाच्या जातीचा आहे, आणि टू-के पीयूमधल्या (दोन घटक मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगातल्या) आयसोसायनेटसारखा फुप्फुसांवर घाला घालत नाही. पीयू मारायचाच असेल तर बाहेरची हवा पुरवणारा मास्क आणि वेगळी खोली हवी. साधा कापडी किंवा कार्ट्रिज मास्क घालून रोज पीयू मारणारे पेंटर बघून मला काळजी वाटते.

लांबी (पुट्टी) कमीत कमी लावा. कारखान्यात पत्र्याच्या वेल्डचे डाग, किंचित लाटा तशाच राहायच्या. आरशासारखा सपाट टब हा युद्धकाळातला वाटत नाही. रेड ऑक्साइड प्रायमर, बारीक घासकाम, मग १.३ किंवा १.४ मिमीच्या नोझलने दोन पुरेसे ओले कोट. गन १५ ते २० सेंटिमीटरवर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. लांबून किंवा घाईने मारलं तर रंग वाटेतच वाळतो आणि खरखरीत, पांढरट बसतो. मग छटा चुकली असं वाटतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे काम काढू नका; ओल्या हवेत मॅट रंगावर धुकं बसतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर असलं पाहिजे. मी दिवाळीनंतर मुहूर्त धरतो.

मॅट रंगाला पॉलिश नाही आणि ठिपक्यापुरता टच-अपही नाही. डाग पडला तर अख्खं पॅनेल मारावं लागतं. चासीपासून टूलबॉक्सच्या पोटापर्यंत लागणारा सगळा रंग एकदाच बनवा, दोन लिटर जास्तीचा.

अक्षरांबद्दल थोडक्यात. बॉनेटवरचा नोंदणी क्रमांक सुरुवातीच्या गाड्यांवर निळसर करड्या ‘ब्लू ड्रॅब’मध्ये असे, नंतर तो पांढरा झाला. वर्तुळातला तारा १९४३ पासूनचा. म्हणजे १९४२ च्या गाडीवर कारखान्यातलं रूप दाखवायचं असेल, तर वर्तुळ घालू नका. पांढराही मॅटच हवा. वॉटर पेपरने जुना बॉनेट घासताना आकड्यांची भुतं वर येतात. तेव्हा लगेच थांबा, तिरकस प्रकाशात फोटो काढा आणि ट्रेसिंग कागदावर आकडे उतरवून घ्या.

पुरावा ठेवणे

शेवटी काचेच्या दोन बरण्या भरा. एकीत तुमचा रंग, दुसरीत स्टेनरचं प्रमाण लिहिलेला कागद आणि वाळलेली पट्टी, प्रकाश लागणार नाही अशा पाकिटात. बेसची कंपनी, बॅच, काळ्याचा प्रकार, ग्रॅम, तारीख, एल-ए-बी आकडे, सगळं लिहा. आणि डेटा प्लेटमागची ती नाण्याएवढी खिडकी रंगवू नका. तिच्यावर पारदर्शक मेणाचा हात द्या आणि प्लेट पुन्हा चार स्क्रूंवर बसवा. मी प्लेटच्या आतल्या बाजूला लहान कागद चिकटवतो: ‘खाली मूळ रंग आहे. सँडब्लास्ट करण्याआधी बघा.’